गार फरशी

मी तापट आहे. लग्नाआधी नव्हते असं आई म्हणायची, आणि तिचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही. पण पंपाच्या भिंतीला भिंत लावून संसार केला तर कुणाचंही डोकं फिरेल. नव्वदच्या दशकात बेलापूरच्या एका क्लबात, पोहण्याच्या तलावाच्या मागे आमची खोली होती. एका अंगाला पंपरूम, दुसऱ्या अंगाला कुंपणाची भिंत आणि मधे आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि आमची मुलगी. तलावाचं पाणी फिरतं ठेवणं हे यांचं काम. पंपाने पाणी ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं, त्यात औषध घालायचं आणि दोन पाइपांतून परत तलावात ढकलायचं. पाणी जागेवर थांबलं की हिरवं होतं, म्हणून पंपाला सुट्टी नाही. पंपाला नाही म्हणून यांना नाही, आणि यांना नाही म्हणून आम्हालाही नाही.

पंप पहाटे सुरू व्हायचा तो दुपारी थांबायचा, आणि ऊन कललं की पुन्हा सुरू, तो रात्रीपर्यंत. चालू असला की भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून महत्त्वाचं काही बोलायचं असलं तर दुपारची वाट बघायची. आमच्या घरात भांडणसुद्धा पंपाच्या वेळा बघून व्हायचं. मी तोंड उघडावं, दोन वाक्यं व्हावीत आणि यांनी उठून जावं, "वेळ झाली पंपाची." त्या माणसाने आयुष्यात एकही भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही.

आवाजाचं मी सोसलं असतं. पण पंपरूमच्या आणि आमच्या भिंतीत वर सिमेंटची जाळी होती आणि जाळीच्या पलीकडे ब्लिचिंग पावडरचे ड्रम. झाकण उघडलं की तो वास सरळ आमच्या अंथरुणात. मोठ्या माणसाच्या नाकाला सवय होते, लेकराच्या छातीला होत नाही. मुलगी तेव्हा पहिलीत होती. रात्रंदिवस खोकायची. जाळीला मी पोतं लावून बघितलं, पुठ्ठा लावून बघितला, वास काही थांबला नाही. वर ती बोलायची ओरडून, कारण आमच्याकडे बोलणं म्हणजे ओरडणंच. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी कुणाला कमी ऐकू येतं का?" मी म्हटलं, आम्हाला सगळ्यांना. डॉक्टर दर खेपेला औषध लिहून देत आणि वर म्हणत, हवा बदला. जणू हवा म्हणजे दाराला लावायचा पडदा.

हवा बदलायची सोय होती, हेच तर माझं दुखणं. क्लबच्या मागच्या दाराशी करावे गावातली एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन यायची. नवरा गेलेला, मुलगा बाहेरगावी. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मासे घेणार किती, तरी ती पाटी टेकवून माझ्याशी दोन शब्द बोलायची. एकदा मुलीला खोकताना बघून म्हणाली, "कनाला ऱ्हातंस गो बाय या मशीनीचे बाजूला? माजे घराची मागची खोली रिकामीच हाय. पोर बरी होल. मना पन घरान मानूस पायजे." मी एक दिवस जाऊन खोली बघून आले. मागे पडवी, पडवीपुढे मोकळं अंगण आणि खाडीकडून येणारा वारा. वाऱ्याला मासळीचा वास, पण छातीत घेता येईल असा. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला त्या खोलीत जायचं होतं, बस.

हे म्हणायचे, "ऑपरेटरने पंपाजवळ राहायचं, ही अट हाय. खोली सोडली म्हंजे नोकरी सोडली." मी म्हणायची, विचारून तर बघा. ते विचारायचे नाहीत. त्यांचीही बाजू सांगते, नाहीतर सगळं माझंच खरं वाटेल. माझे सासरे गावाकडून येऊन वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. झोपडीत राहायचे आणि ती झोपडी पाडायला गाडी यायची. लहानपणी यांनी आपल्या घरातली भांडी रस्त्यावर मांडलेली बघितली होती, आणि त्या भांड्यांच्या राखणीला बसले होते. त्यामुळे पक्की भिंत दिसली की हा माणूस तिला हात लावून बघायचा. आमच्या खोलीच्या भिंतीवर जाता येता एक थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. ती थाप बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जायची आणि दुसऱ्या क्षणी कीवही यायची. कीव आली की भांडता येत नाही.

उन्हाळा लागला आणि तलावाचं पाणी उतरायला लागलं. निळ्या टाइल्सची वरची ओळ सकाळी उघडी पडलेली दिसायची. आधी यांना वाटलं ऊन. मग त्यांनी बादलीने बघितलं. तलावातलंच पाणी बादलीत भरायचं, तळाला दगड घालून बादली तलावाच्या पहिल्या पायरीवर ठेवायची, आणि बादलीतल्या पाण्याची पातळी आतून, तलावातल्या पाण्याची बाहेरून, अशा दोन खुणा करायच्या. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच खातं. दुसऱ्या दिवशी बाहेरची पातळी खुणेच्या बरीच खाली गेलेली, आतली जराशीच. म्हणजे गळती. पंप बंद ठेवून बघितलं तर पाणी कमी उतरलं, चालू ठेवून बघितलं तर जास्त. म्हणजे गळती तलावाच्या भांड्याला नाही, पाणी परत ढकलणाऱ्या पाइपात आहे. एवढं यांनी शोधलं. पण पाइप जमिनीखाली नेमके कुठून गेलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. तलाव बांधणारा ठेकेदार नकाशासकट निघून गेला होता.

क्लबने प्लंबर आणला. त्याने जांभळं औषध पाण्यात सोडून टाइल्सच्या फटी बघितल्या. फट रंग ओढून घेते का ते बघायचं असतं. रंग कुठेच ओढला गेला नाही, नुसता तरंगत राहिला. मग त्याने हिरवळ खणली, पायवाट फोडली, आणि "अंदर का मामला है, पूरा तोडना पडेगा" असं सांगून गेला. पाणी उतरतच होतं. टँकर मागवून तलाव भरावा लागत होता, आणि त्याच वेळी आसपासच्या सोसायट्यांत नळाला पाणी नव्हतं. क्लबचे सेक्रेटरी पार टेन्शनमध्ये. सरकारी हाफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना गळती नको होती, गुन्हेगार हवा होता.

तो त्यांना आमच्या मागच्या दारी सापडला. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू लावतात. गावाकडे एकही परसदार तुम्हाला अळवाशिवाय दिसायचं नाही. धुण्या-भांड्यांचं पाणी वाया कशाला घालवायचं? मीही खोलीमागे मोरीच्या तोंडाशी चार कंद लावले होते, आणि ते असे माजले होते की पानं छत्रीएवढी. मुलगी त्याखाली उभी राहायची. मोरीपासून पसरत पसरत अळू खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता. बघणारा म्हणायचा, बाई, तुमच्या हाताला गुण आहे. मलाही तसंच वाटायचं. सेक्रेटरींच्या घरी मीच वड्या करून पाठवल्या होत्या, आणि डबा चाटूनपुसून परत आला होता.

सेक्रेटरी अळवासमोर उभे राहिले आणि यांना म्हणाले, "तलावाचं पाणी कुठे जातं ते आता कळलं. रात्री पाइप लावून ठेवता का?" हे खाली मान घालून उभे. मी पदर खोचला आणि म्हटलं, "वड्या खाताना अळू दिसला नाही का साहेब? हा मोरीवर वाढतो. तुमच्या घरी मोरी नाही?" हे मला डोळ्यांनी दटावत होते. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, उद्या हे सगळं उपटलेलं पाहिजे, आणि मोरीचं पाणी गटारात टाकायचं." उद्या कशाला, मी तिथल्या तिथे उपटायला घेतलं. रागाने माणसाच्या अंगात केवढं बळ येतं. पानं कामगारांच्या बायकांत वाटून टाकली, कंद कुंपणापलीकडे भिरकावले आणि मग मोरीवर बसून रडले. एवढं माझं म्हणण्यासारखं त्या जागेत दुसरं काय होतं?

मोरीचं पाणी मी बादलीने गटारात ओतायला लागले. मोरीच्या तोंडाची माती वाळली, तडकली. पण पलीकडचं टोक, जिथे मोरीचं पाणी कधी जातच नव्हतं, ते ओलंच राहिलं. एवढ्या उन्हात. एक मोठा कंद उपटला होता त्याचा खड्डा होता, त्यात पाणी होतं. डास होतील म्हणून मी भर दुपारी माती घेऊन तो बुजवायला गेले, तर खड्डा कोरडा. म्हटलं, आटलं असेल. परत आले, चहा टाकला. यांनी पंप सुरू केला, वाट्या किणकिणल्या. चहाचा गाळ टाकायला मागे गेले, तर खड्ड्यात पाणी वर येत होतं. सावकाश, खालून. मी गाळणं हातात धरून उभीच राहिले. पंप चालू तर पाणी वर, पंप बंद तर पाणी खाली. इतकी वर्षं मी ज्याला माझ्या हाताचा गुण समजत होते, तो फुटका पाइप होता; आधी नुसता झिरपत असेल, यंदा तडा वाढला. ओल सगळ्यांना दिसत होती, पण घरामागे ओल आणि अळू म्हटल्यावर आमच्यातलं कोण विचारतं की हे पाणी कुठलं?

मग मी घरात येऊन खाटेखाली हात फिरवला. त्या कोपऱ्यातली शहाबादी फरशी नेहमीच गार असायची. उन्हाळ्यात मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच पालथी पडायची, गाल फरशीला लावून. "आई, किती गार लागतं." मी ओरडायची, ऊठ, आधीच खोकला आहे. तिथला पिठाचा डबा बुडाला गंजायचा, तेही मी खाडीच्या हवेवर ढकललं होतं. आता कळलं. पाइप आमच्या खोलीखालून गेला होता. तलाव आधीचा, खोली नंतर बांधलेली. कुणीतरी बेधडक लाइनीच्या डोक्यावर बांधली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? यांच्यावरचा आळ निघेल हा विचार नंतर आला. आधी आला तो हा, की आता ही फरशी फोडावी लागेल, आणि फोडली की आम्हाला इथून हलावंच लागेल. करावे गावातली पडवी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी धावतच पंपरूममध्ये गेले आणि यांना हाताला धरून खड्ड्याशी आणलं.

हे तसेच आत गेले आणि दोन पाइपांपैकी खोल भागाकडे जाणाऱ्या पाइपाचा वॉल्व्ह बंद केला. पंप चालूच होता. खड्ड्यातलं पाणी खाली गेलं आणि तिथेच राहिलं. वॉल्व्ह उघडला, पाणी वर आलं. परत बंद केला. मग घरात येऊन खाटेवर बसले आणि फरशीकडे बघत राहिले. पंप थांबायच्या वेळेपर्यंत बसूनच होते. पंप बंद करून आले तेव्हा म्हणाले, "कुणाला बोलू नगंस."

मी म्हटलं, "म्हणजे? तुमच्यावर चोरीचा आळ आलाय."

"येऊ दे. वॉल्व्ह बंद ठेवतो. एका लायनीवर चालंल. खोली एकदा मोडली ना, परत कोन बांधून देतंय आपल्याला?"

"मग करावेत जाऊ."

"आनी साहेब म्हनले, ऑपरेटर पंपाजवळ नाय तर दुसरा बघतो, तर?"

मला त्या माणसाचे दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. पोरीची छाती तिकडे शिट्टीसारखी वाजतेय आणि हा भिंतीला धरून बसलाय. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे ते उठले. त्या दिवशी पंपाची वेळही झाली नव्हती.

वॉल्व्ह बंद राहिला. गळती थांबली. पण खोल भागाकडे गाळलेलं पाणी जाईना. पाणी तिथे नुसतं उभं राहायचं. कोपऱ्यात शेवाळ धरायला लागलं, पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. हे पहाटे उठून लांब दांड्याच्या ब्रशने टाइल्स घासायचे, औषध जास्त टाकायचे. औषध जास्त म्हणजे ड्रम जास्त वेळा उघडा, आणि ड्रम उघडा म्हणजे आमच्याकडे खोकला. एका पाइपाचं पाणी अडवलं आणि ते येऊन माझ्या लेकीच्या छातीत बसलं.

हेही मी किती दिवस सोसलं असतं, सांगता येत नाही. पण सेक्रेटरी एके सकाळी तलावाच्या काठावर आले, भरलेलं पाणी बघितलं आणि सकाळच्या पोहणाऱ्या मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंत? अळू गेला आणि लीकेज गेलं." लोक हसले. हे हातात ब्रश घेऊन उभे होते. हसलेसुद्धा, ओशाळं. खोलीसाठी हा माणूस चोर म्हणवून घ्यायला तयार झाला होता, आणि वर हसून दाखवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तशीच काठावर गेले. तिथे बायकांना पंपरूमच्या पुढे यायची पद्धत नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं पण नव्हती. मी सेक्रेटरींना म्हटलं, "साहेब, दोन मिनिटं मागे या." ते का आले देव जाणे. बहुतेक माझं तोंड बघून आले. त्यांच्या मागोमाग टॉवेल गुंडाळलेले चार सभासदही आले. मी त्यांना खड्ड्यासमोर उभं केलं आणि यांना हाक मारली, "अहो, आता वॉल्व्ह उघडा."

हे पंपरूमच्या दारात उभे होते. माझ्याकडे बघत. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. भांडी रस्त्यावर मांडली गेली तेव्हा त्या पोराने गाडीवाल्याकडे असंच बघितलं असेल. मी नजर हलवली नाही. शेवटी ते आत गेले. थोड्या वेळाने खड्ड्यात पाणी दिसलं, चढलं आणि काठावरून वाहून सेक्रेटरींच्या चपलेखाली गेलं. "बंद करा," मी ओरडले. पाणी उतरलं. "हे मोरीचं नाही साहेब. हे आमच्या खाटेखालून येतं."

टॉवेलवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "अरे, हे तर करेक्ट आहे." सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. माफी वगैरे नाही, पण अळवाचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही.

फरशी फोडली. खाली पाइपाचा वळणाचा सांधा तडकलेला निघाला, आणि त्याच्या आजूबाजूची माती वाहून जाऊन पोकळी झालेली. आमची खाट ज्या पायांवर उभी होती त्यातला एक पाय त्या पोकळीवर होता. सामान हलवणं भागच पडलं. काम होईपर्यंत ऑपरेटरने बाहेर राहावं, असं सेक्रेटरींनी स्वतःच सांगितलं. मला हवं होतं ते झालं. आम्ही करावेत गेलो.

ते दिवस मला अजून आठवतात. म्हातारी मुलीला मांडीवर घेऊन जाळं कसं विणतात ते दाखवायची. पडवीत बसून मी हळू आवाजात बोलायला शिकले, म्हणजे पुन्हा शिकले. मुलगी आधी ओरडायची, मग म्हातारीने तिच्या ओठावर बोट ठेवून सांगितलं, "कोन बहिरा हाय हितं?" आणि पोर चक्क कुजबुजायला लागली. खोकला कमी झाला. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कालपासून तो ऐकूच आलेला नाही. हे आधी माझ्याशी बोलत नव्हते. पहाटे उठून चालत पंपावर जायचे, संध्याकाळी परत. पण घर आणि पंप यांच्या मधे रस्ता आला होता, आणि रस्त्यावर माणसाचं डोकं शांत होत असावं. एकदा म्हातारीने वाढलेल्या खाडीतल्या माशांचे, निवट्यांचे, काटे काढत काढत ते म्हणाले, "हितंबी भिंत पक्कीच हाय की." आणि भिंतीवर एक थाप मारली. मी ताटात बघत राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते.

मी म्हटलं, "मग साहेबांना विचारा ना, इथूनच येऊ का कामाला."

"बघू. काम झालं की इचारतो." त्यांच्या तोंडून "बघू" म्हणजे होच. मी म्हातारीला सांगून टाकलं की आम्ही राहतोय. तिने पडवीत मुलीसाठी झोपाळा टांगला.

काम झालं. क्लबचा वार्षिक कार्यक्रम होता, तलावाच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. आम्हाला बोलावणं आलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, मनात वाक्य जुळवत गेले की साहेब, आम्ही करावेतच राहतो, तुमचे उपकार आहेत. भाषणं झाली आणि अध्यक्षांनी माझंच नाव पुकारलं. मला काही कळेना. अध्यक्षांच्या बायकोने मला हळद-कुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला आणि माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं. मी वाकून नमस्कार केला. भरल्या ओटीने मी उभी, आणि अध्यक्ष माइकवर म्हणाले, "या बाईंच्या नजरेमुळे आपला तलाव वाचला. कमिटीने ठरवलं आहे की क्वार्टर आता कायमचं यांचं. नवीन फरशी केलेली आहे. आणि लाइनीवरचं चेंबर मुद्दाम यांच्याच खोलीत ठेवलंय, म्हणजे बाई घरबसल्या रोज लक्ष ठेवतील."

टाळ्या झाल्या. माझं जुळवलेलं वाक्य तयार होतं. पण पदरात सवाष्णीची ओटी असताना, समोर चार माणसं टाळ्या वाजवत असताना, बाई नाही म्हणते का? ओटी परत करतात का? मी साताऱ्याच्या बाईची लेक, मला तोंड आहे, कुणालाही चार शब्द सुनावते. तिथे एक शब्द निघाला नाही. मी वळून यांच्याकडे बघितलं, निदान यांनी तरी बोलावं. हे शेवटच्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कायमचं, हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दिला होता. लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. मी ओटी छातीशी घट्ट धरली आणि खाली बसले.

म्हातारी म्हणाली, "खोली हाय तिथंच हाय," एवढंच. झोपाळा तिने काढला नाही, पण पुढे त्या खोलीत दुसरं कुणीतरी राहायला आलं.

आम्ही परत आलो तेव्हा खोली नव्या चुन्याने पांढरीशुभ्र होती. खाली नवी टाइल, आणि पाइप सरकवून घेतलेला, म्हणून बरोबर मधोमध, जिथे आम्ही जेवायला बसायचो, तिथे लोखंडी झाकण. यांनी ते मला उचलून दाखवलं. खाली नवा पाइप. "बघ, सांधा कोरडा हाय का, तेवढं रोज बघायचं. तुज्याशिवाय कुनाला कळनार?" ते हसत होते. भिंतीवर थाप मारली. झाकण बंद करून मी त्यावर चटई अंथरली. जाळी तशीच होती. ड्रम तसेच होते.

दुपारी मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकलं, सवयीने कोपऱ्यात जाऊन पालथी पडली आणि गाल फरशीला लावला. जरा वेळ तशीच पडून राहिली. मग मान वर करून, करावेत शिकली होती तशा हळू आवाजात म्हणाली, "आई, आता गार लागत नाही."

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात यांनी पंप चालू केला.